म्हसोबाचा नैवेद्य आणि करणी एकच कशी?

पौड_रस्ता:
परवा अमावास्येला आमच्या चौकात उतारा पडला होता. पत्रावळीवर दहीभात, कुंकू भरून कापलेलं लिंबू, बिब्बा, काळी बाहुली. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सुरू: 'यांचे म्हसोबा-वेताळ बंद केल्याशिवाय करणी-भानामती थांबायची नाही.' इकडे माझी भाची स्वतःला 'पेगन' म्हणवते. तिचं म्हणणं, युरोपातल्या चेटकिणी म्हणजे जुन्या निसर्गधर्माच्या पुजारणी. मला वाटतं दोन्हीकडे चूक तीच: लोकदैवतं, चेटूक आणि अंधश्रद्धा यांची एकच मोट बांधली आहे.

पुजारणींची ही मांडणी मार्गारेट मरे यांनी १९२१ साली केली आणि पुढच्या इतिहासकारांनी ती खोडून काढली. युरोपात चेटकाच्या आरोपावरून ज्या चाळीस-साठ हजार जणांचा जीव गेला, त्यांत बायकाच जास्त. बहुतेक सगळी बाप्तिस्मा झालेली, चर्चला जाणारी माणसं. गाय आटली, मूल दगावलं, की गल्लीतल्या एखाद्या म्हातारीचं नाव पुढे यायचं. स्वतःला चेटकीण म्हणवणाऱ्या आजच्या पेगनांचा विक्का पंथ तर जेराल्ड गार्डनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर उभा केलेला. 'पेगन' शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'पागानुस' आहे, म्हणजे खेडवळ. आपण 'अडाण्यांचे देव' म्हणतो ना, तसंच.

आता म्हसोबा. इतिहासकार दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपास पायपीट करत अशी ठाणी बघत हिंडले. जुन्या वाटा जिथे मिळतात तिथे ही ठाणी सापडतात आणि काही ठिकाणी त्यांच्या जवळच अश्मयुगीन हत्यारंही, हे त्यांनी दाखवून दिलं. वेताळ टेकडीच्या नावातच तो देव आहे. शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढतात, मग एक दिवस कवच निखळून पडतं आणि आत वेगळाच दगड दिसतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दगडापुढे भाकरी ठेवणारी बाई देवाला विनवते, वेळ आली तर त्याच्याशी भांडते. करणीवाला मात्र माणूस शोधतो. माझ्या मते फरक आहे तो हा.

वाटसरू:
पटलं नाही. देवऋषी बसतो कुठे? त्याच म्हसोबाच्या पारावर. अंगात येतं ते त्याच देवीचं. उजवा कौल, डावा कौल लावताना 'पाऊस कधी?' विचारलं तर ठीक, पण 'केलं कुणी?' हा प्रश्नही त्याच दगडाला विचारतात. मी वीस वर्षं गावोगाव प्रबोधनाला जातोय. उत्तर ऐकून घरी परतलेल्या माणसांचे चेहरे पाहिलेत. २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वर पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर मला या विषयात नुसतं कौतुक करवत नाही. शेंदराखालचा इतिहास जपा, जरूर जपा. पण माती तीच आहे.

भोरची_लेक:
दोघांनाही सांगते, माझ्या चुलतीला भुताळी ठरवलं होतं. धाकट्या जावेचं मूल गेलं आणि भगतानं हिचं नाव घेतलं. त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. हळदीकुंकवाला आमच्या दारापर्यंत यायच्या आणि तिला वगळून पुढे जायच्या. ती चौकटीत उभी राहून बघायची. तरी दर रविवारी म्हसोबाला भाकरी-कांदा घेऊन जायची. मी सोबत असायचे. दगडावर हात ठेवून म्हणायची, 'तूच सांग रं यांना.' भगत त्याच देवाचा आणि हिलाही आसरा त्याचाच. तुमची रेघ मी कुठे ओढू?

पौड_रस्ता:
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. 'केलं कुणी' विचारणारा कौल मी हिशेबात धरलाच नव्हता, वाटसरूंचं म्हणणं मान्य. तरी एक सांगतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्याला चेटूक करणारा ठरवून छळणं गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन यांना मात्र कायद्यानं हात लावलेला नाही. म्हणजे कायदाही देव सोडून माणसाच्या छळावरच बोट ठेवतो.

वाटसरू:
तो मसुदा वर्षानुवर्षं विरोधामुळे अडला, छाटत छाटत इथवर आला. त्यामुळे त्यात तत्त्व किती आणि तडजोड किती, हे मला ठाऊक आहे. पण भगतानं नाव घेतलं तिथेच थांबवायला हवं होतं, यावर आपलं भांडण नाही. ताई, चुलती आहेत का अजून?

भोरची_लेक:
नाहीत. शेवटपर्यंत भाकरी चुकवली नाही.

पौड_रस्ता:
आत्ता ग्रुपवर नवीन सुरू झालंय. उतारा ठेवणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यात दिसत नाही, तरी तिसऱ्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशींचं नाव चाललंय. 'त्यांच्याकडे असलं करतात', एवढाच पुरावा. दोन घरांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंसुद्धा. यात कुठे देव नाही, कौल नाही, सगळे शिकलेले लोक. रविवारी दहाला पार्किंगमध्ये मीटिंग आहे, मी उभा राहून बोलणार आहे.

वाटसरू:
मी येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. मावशींनाही बोलवा, त्यांच्या पाठीमागे काही ठरायला नको.