अनुभव धागा : घराइतकीच गल्लीचीही असलेली आई-आजी

ज्यांच्या नावावर एकही संस्था नाही, ज्यांचा सत्कार झालाच तर मंडळाच्या हळदीकुंकवात नारळ देऊन झाला, पण ज्यांच्यावाचून चाळीचे, वाड्याचे किंवा गावाचे पान हलत नसे, अशा आपल्या आई-आजींविषयी येथे लिहावे, असे निमंत्रण देत आहे. केवळ गुणगान नको. त्यांचे काम प्रत्यक्षात कसे चालत असे, त्यासाठी पैसा कोठून येत असे आणि घरच्यांनी त्याची काय किंमत मोजली, हेही मोकळेपणाने यावे. सुरुवात मीच करते; त्याखाली ठिकाणांच्या नावांनी इतरांचे अनुभव आहेत.

लालबाग, मुंबई

माझी आजी चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ चालवत असे. बायकामुले कोकणात किंवा घाटावर ठेवून आलेले गिरणी कामगार एकेका गाळ्यात दाटीवाटीने आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने राहत, आणि त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची जबाबदारी परिसरातल्या अशाच बायकांवर असे. हिशेबाची वही नव्हती, कारण आजीला लिहिता येत नव्हते. चुलीमागच्या भिंतीवर प्रत्येक गड्याची जागा ठरलेली होती. ज्या दिवशी तो जेवला नाही, त्या दिवशी कोळशाची एक आडवी रेघ पडे आणि पगार होऊन पैसे चुकते झाले की ती ओळ ओल्या फडक्याने पुसली जाई. गडी महिन्याने पैसे देत, वाण्याला मात्र ते आधी हवे असत, त्यामुळे मधल्या दिवसांसाठी तिचे मंगळसूत्र सावकाराकडे जाऊन येत असे.

1975 साली प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचवले. आजी त्यात पुढाकाराने उतरली. कोणाचा नवरा दारू पितो, कोणती बाई हप्ता फेडील, कोणाच्या हाती पैसे न देता थेट धान्यच भरून द्यावे, हे सगळे तिला ठाऊक होते, आणि बँकेच्या साहेबांपेक्षा तिचा अंदाज बरोबर ठरत असे, असे चाळीतले जुने लोक आजही सांगतात.

पुढे 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. भिंतीवरच्या ओळी पुसल्या जाईनात. तरीही तिने गड्यांना जेवू घालणे लगेच बंद केले नाही. डाळ पातळ झाली, भाकरी मोजून मिळू लागली, पण पान मांडले जात राहिले. काही जण वर्षांनंतर येऊन पैसे देऊन गेले, पुष्कळ जण गावी गेले ते आलेच नाहीत. माझ्या वडिलांचे महाविद्यालयीन शिक्षण त्याच वर्षी सुटले आणि त्याबद्दलचा त्यांचा राग आजी पंचाण्णवाव्या वर्षी वारली तरी गेला नव्हता. तो राग मला अन्यायाचा वाटत नाही.

नारायण पेठ आणि नंतर गोखलेनगर, पुणे

12 जुलै 1961 रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले, तेव्हा माझी आई सत्तावीस वर्षांची होती. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि शहराला पाणी देणारा खडकवासला तलावच रिता झाल्यामुळे, पूर ओसरल्यावर पिण्याच्या पाण्यासाठी लोकांना जुन्या विहिरी आणि पेशवेकालीन कात्रजचे पाणी आठवले. आमच्या वाड्याच्या विहिरीतला गाळ उपसून झाल्यावर तिच्या कठड्याशी आई उभी राहत असे, कारण रांगेत मोठ्या घरची माणसे पुढे घुसत. घरटी दोन कळश्या, बाळंतिणीच्या घराला तिसरी, असा तिचा नियम होता आणि तो तिने माझ्या काकांनाही मोडू दिला नाही.

पुढे आम्ही गोखलेनगरमध्ये पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल पत्र्याच्या घरांत राहायला गेलो. आई मॅट्रिक झालेली होती आणि अक्षर सुवाच्य होते, एवढ्या भांडवलावर तिने शेजाऱ्यांचे नुकसानभरपाईचे अर्ज लिहायला घेतले. मी कार्बन पेपर धरून शेजारी बसत असे. 'भांडी गेली' असे ती कधीच लिहून घेत नसे. किती, पितळेची की जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची), कल्हई केलेली होती का, असे विचारून ती माणसाला त्याच्याच स्वयंपाकघरात फिरवून आणत असे, आणि अर्धे लोक तेथेच रडू लागत. हे अर्ज पुढे शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, नळजोडणी अशा वाटांनी तिच्या ऐंशीनंतरही चालू राहिले. शाईचा आणि कागदाचा खर्च ती भिशीतून काढत असे, असे आम्हांला फार उशिरा कळले.

माणदेश

माझे लिखाण थोडक्यात आहे. 1972 च्या दुष्काळात आमच्या गावाजवळ पाझर तलावाचे काम निघाले आणि बाया खडी फोडायला जाऊ लागल्या. आईच्या कडेवर मीच तान्हा असल्यामुळे मुकादमाने तिला मुले सांभाळायला बसवले. बाभळीखाली लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या असत. सुकडी (दुष्काळी कामावर मिळणारा कोरडा पौष्टिक खाऊ) वाटून झाली तरी तान्ह्यांना ती चालत नसे, म्हणून ती इतरांची मुलेही अंगावर पाजत असे, त्यांची जात विचारत नसे, आणि त्यावरून माझ्या आजीने तिच्याशी बरेच दिवस अबोला धरला होता. आज पन्नाशी ओलांडलेले गावातले काही पुरुष तिला आई म्हणतात, त्याचे कारण हे आहे.

नाशिक

मी नात नाही, सून आहे, आणि वरचे अनुभव वाचून मुद्दाम लिहीत आहे. 1995 मध्ये पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली तेव्हा सासूबाई साठीच्या घरात होत्या. रविवारी बूथवर डोस पाजणे आणि पुढचे दिवस राहिलेल्या मुलांची घरे गाठणे हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. बर्फाचा डबा खांद्याला लावून त्या जिने चढत. मुलाच्या डाव्या करंगळीवर शाई दिसल्याशिवाय त्या उंबरठा सोडत नसत, आणि 'उद्या या' म्हणणाऱ्यांकडे खरोखरच दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर होत.

भारतात वन्य (नैसर्गिक) पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि त्यानंतर एकही आढळला नाही, यात त्यांचाही वाटा आहे, हे मी मनापासून मानते. मात्र अशा बाईच्या घरात दुसरी कोणीतरी बाई कुकर लावत असते, आणि आमच्या घरात ती मी होते. माझ्या मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा मला बँकेतून रजा घ्यावी लागली, कारण सासूबाई दुसऱ्यांच्या नातवंडांच्या मागे होत्या. त्यांना हे बोलून दाखवल्यावर त्या गप्प बसल्या, आणि त्यानंतर मोहिमेच्या दिवसांत पहाटे उठून दोन्ही वेळची पोळीभाजी करून जाऊ लागल्या. माफी त्यांनी कधी मागितली नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

उमरगा तालुका, धाराशिव

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमचे गाव पूर्ण पडले नाही, तडकले. पुनर्वसन न होता दुरुस्ती करायच्या ज्या गावांत घरमालकालाच काम करून घ्यायचे होते, तेथे माहिती पोहोचवण्यासाठी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले, आणि आमच्या आजीने ते काम मागून घेतले. माळवदाखालच्या (मातीच्या सपाट छपराखालच्या) जाड दगडी भिंती दोन थरांच्या असतात, हादऱ्याने त्यांतला एक थर सुटून कोसळतो, म्हणून भिंतीत आरपार भोक पाडून सळई घालायची आणि ते काँक्रीटने भरायचे, हे ती पदर खोचून गवंड्यांना समजावत असे. गवंडी हसत. मग ती काठीने भोकाची खोली मोजून दाखवी आणि काठी पलीकडे निघाली नाही तर त्याला पुन्हा छिन्नी हातात घ्यायला लावी.

आता ती ऐंशीच्या पुढे आहे, कानाने कमी ऐकते, पण ग्रामसभा चुकवत नाही. सध्या अंगणवाडीच्या गळक्या छतावरून तिचे सरपंचांशी भांडण सुरू आहे, आणि छताचे अंदाजपत्रक तिने माझ्याकडून मोबाइलवर मोठ्या अक्षरांत करून घेतले आहे.