मदत हवी आहे: बर्लिनमध्ये चार दिवस – संग्रहालयं, ऑपेरा आणि जमलं तर एखादं नाटक

ओवी_७
नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन बर्लिनला जायचं आहे. शनिवार ते मंगळवार असे चार दिवस हातात आहेत. दोघं सत्तरीचे, आईला जिने चढवत नाहीत. जर्मन कुणालाच येत नाही, इंग्रजी वाचता येतं.
१. पर्गामॉन संग्रहालयाला किती वेळ ठेवावा?
२. ऑपेराची तीन थिएटरं दिसताहेत, कुठलं घ्यावं? सूट-टाय लागतो का?
३. भाषा न येता नाटकाला जाण्यात अर्थ आहे का?
जाणकारांनी कृपया सांगावं.

भटक्या
पर्गामॉनला शून्य वेळ ठेवा. २३ ऑक्टोबर २०२३ पासून ते दुरुस्तीसाठी पूर्ण बंद झालं. ग्रीक वेदी असलेला भाग २०२७ मध्ये उघडायचं ठरलं आहे, बॅबिलोनचा इश्तार दरवाजा आहे त्या बाजूला २०३७ उजाडेल. बोडे संग्रहालयासमोर ‘पर्गामॉन पॅनोरामा’ नावाची वेगळी इमारत आहे. तिथे भलंमोठं गोलाकार चित्र आणि काही मूळ शिल्पं आहेत, पण वेदी नाही. नावं सारखी असल्याने लोक तिकीट काढतात आणि आत जाऊन हिरमुसतात.

त्याऐवजी नॉयेस म्युझियम बघा. इजिप्तची राणी नेफरतिती हिचा मुखवटा नव्हे, अर्धपुतळा तिथे आहे. त्या एका दालनात फोटोला बंदी आहे. वेळेचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा.

खरी गोम वारांची आहे. सोमवारी म्युझियम बेट (ही सगळी संग्रहालयं आहेत ते नदीतलं बेट) बंद असतं, म्हणून ते शनिवार-रविवारीच उरका. सोमवारी हुम्बोल्ट फोरम (जुन्या राजवाड्याच्या जागेवरचं संग्रहालय) किंवा ज्यू संग्रहालय करा. हुम्बोल्ट फोरम मंगळवारी बंद, त्यामुळे अदलाबदल चालणार नाही. त्याच्या बाहेर सांचीच्या पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती उभी आहे, आई-बाबांना नक्की दाखवा. मंगळवारी कुल्टुरफोरम या संग्रहालयांच्या परिसरातलं गेमेल्डेगालेरी हे चित्रसंग्रहालय, रेम्ब्रांट आणि फर्मेरसाठी.

आणि हो, जुन्या ब्लॉगांवर ‘पहिल्या रविवारी फुकट’ असं लिहिलेलं सापडेल. ती योजना २०२४ च्या अखेरीस बंद झाली.

तिसरी घंटा
ऑपेराबद्दल. तीन थिएटरांपैकी कोमिशे ओपरची बेरेनश्ट्रासवरची मूळ इमारत दुरुस्तीसाठी बंद आहे, प्रयोग शिलर थिएटरात होतात. नकाशात जुना पत्ता टाकून निघालात तर पत्र्याच्या कुंपणासमोर उभे राहाल.

श्टाट्सओपर देखणं आहे, पण नालाच्या आकाराचं. वरच्या मजल्यांवर कडेच्या खुर्च्यांतून अर्धा रंगमंच दिसत नाही. अशा तिकिटावर ‘आइनगेश्रेंक्टे झिश्ट’ (अर्धवट दिसेल) असं लिहिलेलं असतं. स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका. डॉइचे ओपर बाहेरून गोदामासारखं वाटतं, आतलं सभागृह मात्र १९६१ चं, साधं आणि मोकळं, जवळजवळ कुठूनही नीट दिसतं. यू-२ मेट्रोचं स्टेशन त्याच नावाचं आणि दारातच. तुमच्या आईंसाठी माझं मत यालाच. जिने नसलेली खुर्ची हवी असं तिकीट काढतानाच कळवा.

काय बघावं हे निर्मितीवर ठरवा, नुसत्या नावावर नाही. जर्मनीत दिग्दर्शक जुन्या ऑपेराला विमानतळावर नाहीतर हॉस्पिटलात नेऊन बसवतात. पहिल्यांदाच बघणाऱ्याला ते झेपत नाही. डॉइचे ओपरचा ‘तोस्का’ १९६९ पासून चालू आहे, कथेत आहे ते रोमच मंचावर दिसतं. श्टाट्सओपरच्या ‘जादूची बासरी’मध्ये वास्तुकार शिंकेलच्या १८१६ च्या नेपथ्यावरून केलेले पडदे आहेत. तुमच्या तारखांना यातलं काही लागलं असेल तर डोळे मिटून घ्या.

जर्मन आणि इंग्रजी उपशीर्षकं रंगमंचाच्या वर झळकतात. पहिल्या तीन-चार रांगा टाळा, मान अवघडते. कपड्यांचा बाऊ नको, इस्त्रीचा शर्ट किंवा साडी पुरे.

मुख्य म्हणजे वेळ. आपल्यासारखीच तिथेही घंटा होते, पण दार खरोखर बंद होतं. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत बाहेर, आणि काही ऑपेरांना मध्यंतरच नसतं.

ओवी_७
बापरे, पर्गामॉनवर अख्खा शनिवार ठेवला होता! कोट आणि बॅगांचं काय करायचं? आणि नाटक?

शार्लोटेनबुर्गकर
कोट ‘गार्डेरोबे’त द्यायचे, नंबरचा बिल्ला मिळतो. सभागृहात कोट, पाठपिशवी नेऊ देत नाहीत. पडदा पडल्यावर तिथे झुंबड उडते, म्हणून सगळ्यांचे बिल्ले एकाकडे द्या. त्याने रांग धरायची, बाकीच्यांनी सावकाश यावं. संग्रहालयात लॉकर असतात, १ आणि २ युरोची नाणी खिशात ठेवा. मध्यंतरातलं खाणंपिणं प्रयोगाआधीच सांगून ठेवता येतं, मग ते टेबलावर तयार मिळतं.

नाटकासाठी गोर्की थिएटर. मोठ्या मंचावरच्या प्रयोगांना इंग्रजी उपशीर्षकं असतात. शाउब्यूने या दुसऱ्या थिएटरात ती ठरावीक तारखांनाच, कार्यक्रमपत्रिकेत तशी खूण असते. तिकिटं थिएटरच्याच साइटवरून काढा, दलालांच्या साइटवर तेच तिकीट महाग पडतं.

तिसरी घंटा
एक राहिलं. म्युझियम बेटाला यू-५ ने जा, ‘म्युझियम्सइन्झेल’ स्टेशनवर उतरा. फलाटावरून वर बघा: गडद निळ्या छतावर दिव्यांच्या चांदण्या आहेत. ते शिंकेलच्या त्याच ‘जादूची बासरी’च्या नेपथ्यावरून केलंय. ऑपेराचं तिकीट नाही मिळालं तरी एवढं मेट्रोच्या भाड्यात बघून होतं. वर यायला लिफ्ट आहे.