एक्सवरचा गोंगाट म्हणजे अमेरिकेचं जनमत?

टेकडीवाला
नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सने (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने) खातं कोणत्या देशातून चालतं ते दाखवायला सुरुवात केली आणि मजाच झाली. फोटोत गरुड, वर 'अमेरिका फर्स्ट'ची आरोळी, आणि ठिकाण बघावं तर नायजेरिया, बांगलादेश, पूर्व युरोप. काही तर आपल्या भारतातलीच निघाली.

आमचे मेहुणे रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर असल्याच एका खात्याचा स्क्रीनशॉट टाकतात, 'अमेरिकन जनता खवळली आहे' म्हणून. आता हे वाचून तिथलं जनमत सांगणं बंद करा. प्यू रिसर्च या अमेरिकेतल्या सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये मोजलं होतं: ट्विटर वापरणारे प्रौढ अमेरिकन २२ टक्के, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात जास्त लिहिणाऱ्या १० टक्क्यांचीच ८० टक्के ट्विट्स. शंभरात दोघे ओरडतात आणि आपण म्हणतो, देश बोलला!

खडूस पेठकर
ठिकाणावर फार विसंबू नका. व्हीपीएन (खरं ठिकाण लपवणारी सोय) लावलं, प्रवासात असलं की देश चुकतो. खातं कुठे उघडलं हेही आधी दाखवत होते, ते एक्सनेच लगेच काढलं.

बाकी हा धंदा आहे, राजकारण नाही. २०१६ मध्ये मॅसेडोनियातल्या वेलेस गावची पोरं ट्रम्पच्या बाजूच्या खोट्या बातम्यांच्या साइट्स चालवत होती. त्यांना ट्रम्पशी काय देणंघेणं? जाहिरातीचे पैसे मिळत होते. २०२३ पासून तर खुद्द एक्सच लिहिणाऱ्यांना पैसे देतं. रागाला भाव आहे म्हटल्यावर लोक रागच पिकवणार.

एडिसनकर
काका, तुम्हाला तिकडे भारतात बसून गंमत वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये भारतात जन्मलेल्या श्रीराम कृष्णन यांची व्हाइट हाउसमध्ये एआय सल्लागार म्हणून निवड जाहीर झाली आणि एक्सवर एच-वन-बीवरून, म्हणजे परदेशी कुशल कामगारांच्या व्हिसावरून, जुंपली. एकीकडे व्हिसाच्या विरोधात ट्रम्पसमर्थक लॉरा लूमर, दुसरीकडे बाजूने ट्रम्पचेच साथीदार मस्क आणि विवेक रामस्वामी. ट्रम्प तेव्हा व्हिसाच्या बाजूने बोलले. नऊ महिन्यांनी, १९ सप्टेंबर २०२५ ला, त्यांनीच या व्हिसावर एक लाख डॉलर फीचा आदेश काढला.

बायको तेव्हा माहेरी, कोथरूडला. कंपनीची मेल आली की रविवार लागायच्या आत अमेरिकेत पोचा. तिकडे शनिवारची पहाट. आईने डब्यात चकल्या भरायला घेतल्या, ही म्हणते चकल्या राहू दे, पासपोर्ट शोध. एका बाजूच्या तिकिटाला जो भाव सांगत होते तो इथे लिहीत नाही, सासरे वाचतात. शेवटी प्रेस सेक्रेटरी कॅरोलाइन लेव्हिट यांनी खुलासा केला की फी फक्त नव्या अर्जांना, आहे त्या व्हिसाधारकांना नाही. कुठे केला? एक्सवर! शंभरात दोघे का असेनात, ते कोणाच्या कानाशी ओरडतात ते बघा.

टेकडीवाला
वहिनींना झालेला त्रास खराच. पण तो आदेश एक्सच्या भांडणातून निघाला हे कशावरून? एच-वन-बीवर बोट ठेवणारा ट्रम्पचा 'बाय अमेरिकन, हायर अमेरिकन'चा आदेश एप्रिल २०१७ चा आहे. तेव्हा मस्क रॉकेट उडवत होते, ट्विटर त्यांनी घेतलं ऑक्टोबर २०२२ मध्ये.

मुग्धा ठाणे
फक्त उजव्यांनाच का धरताय? २०२४ च्या उन्हाळ्यात ट्रम्पविरुद्ध उभ्या असलेल्या कमला हॅरिस यांच्या नारळाच्या झाडाच्या मीम्सनी माझा फोन भरला होता. वाटायचं बाई जिंकल्याच. निकाल? इलेक्टोरल मतं ट्रम्प ३१२, हॅरिस २२६.

एडिसनकर
आणि झोहरान ममदानी? न्यूयॉर्कचा महापौर रील्सवरच झाला की.

खडूस पेठकर
आणि त्याच्यासाठी दारोदार फिरलेले हजारो कार्यकर्ते? ते रीलमध्ये दिसत नाहीत म्हणून नव्हतेच का? नुसत्या रीलने आमच्या सोसायटीची निवडणूकसुद्धा कोणी जिंकलेली नाही.

एडिसनकर
बरं, कार्यकर्ते मान्य. पण माझ्या व्हिसाचं काय होणार हे मला अजूनही एक्स उघडल्यावरच कळतं. जनमत असो नसो, मला ते वाचावंच लागतं.

टेकडीवाला
यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ता. क.: काल मेहुण्यांच्या लाडक्या खात्याचं ठिकाण ग्रुपवर टाकलं. नायजेरिया. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: "बघ, तिकडेसुद्धा ट्रम्पची किती हवा आहे!"