देवाचा दरबार: चळवळ की एका कवीची लहर?

सातारी_तिखट: परवाच्या पोस्टीत एकाने ठोकून दिलंय की महाराष्ट्रातली ख्रिस्ती चळवळ गोऱ्या मिशनऱ्यांनी उभी केली, रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे नुसतं शोभेचं कवित्व. डोकं सणकलं, म्हणून सविस्तर. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस अमेरिकन मराठी मिशनात पाळक (चर्चचा धर्मगुरू) झाला, मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाची मराठी बाजू सांभाळली आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूला गुरू मानणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा. शोभेसाठी कोण पगार सोडतं हो?

हिशेबी: ती पोस्ट माझीच. १९१७ ला दरबार भरला, मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबारही विस्कटला. दोन वर्षांच्या उपक्रमाला चळवळ म्हणायचं तर आमच्या सोसायटीचं गणेश मंडळ क्रांतीच म्हणायला हवं.

सातारी_तिखट: दरबार विस्कटला, गाणी विस्कटली का? आजही मराठी चर्चमध्ये रविवारी त्यांची भजनं म्हणतात. अभंग-ओवीत येशू आणला, कीर्तनाला उभे राहिले. हे मिशनच्या बॉस्टनच्या मुख्यालयातल्या कुठल्या साहेबाला जमलं असतं?

नगरची_लेक: दोघांचंही चालू द्या. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेचे 'मास्तर' होते. सकाळी पोरांना बाराखडी, संध्याकाळी महारवाड्यात कंदील टांगून प्रार्थना, मयतालाही तेच. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या त्या अशा मास्तरांच्या आणि बायबल वाचून दाखवणाऱ्या बायांच्या पायांवर. त्यांची नावं कुठे आहेत? चित्पावन ख्रिस्ती झाला की इतिहास, आमचा पणजोबा झाला की 'पोटासाठी झाला'.

सातारी_तिखट: आली जात मध्ये! टिळकांनी जात सोडली म्हणून घरदार तुटलं. लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. हे काय फुकटात झालं?

नगरची_लेक: सोसलं बाईंनी, नाव नवऱ्याचं. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे येशूवरचं काव्य अर्धं राहिलं ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, तेही लिहा की. आणि सोडलेली जात टिळकांना कुणी परत चिकटवली नाही. आमची चर्चमध्येही सुटली नाही, सरकारदरबारी मात्र सुटली म्हणे. अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरणारा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश वाचा. त्यात १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. माझ्या भावाची फी कोणत्या भजनातून भरायची?

हिशेबी: धर्म बदलल्यावर जात संपते असं तुमचेच पाळक सांगतात ना? मग सवलत कशाची?

नगरची_लेक: जात संपली म्हणणाऱ्या पाळकांनी एकदा स्वतःच्या मुलाचं लग्न आमच्या वस्तीत ठरवावं. मग बोलू.

पानवेल_वसई: तुम्ही प्रोटेस्टंट लोक भांडताना कॅथलिकांना विसरताच. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'हरित वसई' या पर्यावरणाच्या चळवळीत बिल्डर आणि गुंडांविरुद्ध लोक रस्त्यावर आणले, त्यात हिंदूही होते, मुसलमानही. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तर काहींनी 'पाद्री कशाला' म्हणून गळा काढला. मराठी बायबल लिहिणाऱ्याला मराठीचा दाखला मागतात, बोला!

हिशेबी: दिब्रिटोंचं मान्य. ते पाण्यासाठी आणि जमिनीसाठी होतं, लोकांना कळत होतं कशासाठी उभं राहायचं.

नगरची_लेक: म्हणजे पाणी-जमीन असली की चळवळ, आणि माणूस म्हणून उभं राहणं म्हणजे?

हिशेबी: बरं, 'शोभेचं' हा शब्द मागे. भजनं टिकली, कबूल. दरबाराला चळवळ मी अजूनही म्हणणार नाही. आणि कृपा करून आरक्षणाचा वेगळा धागा काढा, इथे नको.

नगरची_लेक: वेगळा काढला की तिकडे कुणी फिरकत नाही. म्हणून इथेच.