ओला कचरा घरातच जिरवायचा ठरलंय, पण डायपर, माशाचे काटे आणि निर्माल्याचं काय करू?

मुग्धा_धायरी

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की ओला कचरा ज्याचा त्याने घरात जिरवायचा, मावशी फक्त सुका नेतील. ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला, कारण हात वर करणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे जेवणाचा डबा बाहेरून येतो.

आमच्याकडे माणसं सहा. दोन्ही वेळचा स्वयंपाक घरी, रविवारी मासे. मुलगा दीड वर्षाचा, म्हणजे डायपर. सासरे इन्सुलिन घेतात, म्हणजे सुया. आणि सासूबाईंचं रोजचं निर्माल्य. ते कचऱ्याच्या डब्यात जाणार नाही, नदीत सोडा, असं त्यांचं म्हणणं. नदी म्हणजे मुठा, आता काय बोलायचं!

बाल्कनी दोन खुर्च्या जेमतेम मावतील एवढी, पश्चिमेची. खताचे विकतचे डबे पाहिले आणि किंमत वाचून जागेवर ठेवले. वास आणि अळ्या न होता हे जमतं का? आणि जे कुजत नाही ते नेमकं कुठे द्यायचं?

परसबागवाले_काका

जमतं. विकतचा डबा नको आणि ती कल्चरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची, पाकिटंही नकोत. इमारतीला रंग काढतात तेव्हा वीस लिटरच्या बादल्या रिकाम्या होतात, रंगाऱ्याकडून काही घ्या. आतून नीट धुवा, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळात नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. मग रोजची सालं, देठं, चहाचा चोथा, शिळी पोळी, आणि प्रत्येक वेळी त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्त सुका पाला. एक बादली भरत असताना आधी भरलेल्या मुरत राहतात. साधारण दोन महिन्यांत खत होतं. पहिल्या वेळी वर मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक शिंपडा, पुढच्या वेळी तुमचंच खत विरजण म्हणून वापरा.

वास येतो तो आत हवा न खेळल्यामुळे. मूठभर माल उचलून दाबून बघा. पाणी ठिबकलं तर पाला वाढवा, मूठ उघडताच भुगा झाला तर पाण्याचा हबका मारा. तुमची बाल्कनी तापते, तेव्हा तुम्हाला दुसरं जास्त वेळा करावं लागेल. आमटी-रस्सा ओतू नका, गाळून चोथा टाका. जाड करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या काळ्या सैनिक माशीच्या. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. बघायला ओंगळ आहेत हे मान्य. नको असतील तर ओला माल उघडा ठेवू नका, वर पाल्याचा जाड थर हवाच.

मासे धुतलेलं पाणी झाडांना घाला. काटे बादलीत नकोत, मांजरं पत्ता शोधत येतील. मोठी कुंडी असेल तर वीतभर खोल पुरा, नाहीतर तेवढं महापालिकेच्या ओल्या कचऱ्यात द्यायची सोय सोसायटीकडून मागून घ्या. करवंट्या टाकू नका, वर्षभरानेही तशाच निघतात.

निर्माल्याची बादली वेगळी ठेवा. हाराचा दोरा बहुधा नायलॉनचा असतो, तो, जरीचे धागे आणि प्लास्टिकची पानं काढून टाका. त्या खतात तुळस लावू म्हणून सांगा. आमच्या घरी याच एका वाक्यावर तह झाला.

कडू_कारलं

करा करा हौस. आमच्याकडे दोन डबे दोन वर्षं सांभाळले, शेवटी गाडीत सगळं एकत्र पडताना डोळ्यांनी पाहिलं. वरच्यांनी एकत्र करायचं आणि खालच्यांनी सालं मोजायची!

परसबागवाले_काका

तुमचा राग बरोबर आहे. पण म्हणूनच ओला कचरा गाडीपर्यंत जाऊच देऊ नये. मुंबईतला देवनारचा कचऱ्याचा डोंगर १९२७ पासून साठतोय. जानेवारी २०१६ मध्ये त्याला आग लागली तेव्हा मुंबईवर कित्येक दिवस धूर होता. ओला माल ढिगाखाली दाबला गेला, हवा तुटली की मिथेन तयार होतो आणि तो पेटतो. पुण्याचा कचरा सोसलेल्या उरुळी-फुरसुंगीच्या लोकांना विचारा. तुमची सालं तुमच्या बादलीत राहिली तर गाडीवाला काय एकत्र करणार?

शीतल_वाकडेवाडी

मी एरवी नुसती वाचते, पण हा विषय आमच्या घरचा आहे. माझी आई कचरा वेचते. आधी रस्त्यावरच्या कंटेनरमधून वेचायची, ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेचा महापालिकेशी २००८ मध्ये करार झाला तेव्हापासून दारोदार जाते. १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना, तिचं ओळखपत्र आमच्याकडे रेशनकार्डासोबत ठेवलेलं असतं.

कडू कारलं दादा, गाडीत एकत्र होतं हे काही ठिकाणी खरं आहे. पण गाडीच्या आधी बायका बसून माल निवडतात. पुठ्ठा, बाटल्या, काच, पत्रा, दुधाच्या पिशव्या. हे विकून येतं ते त्यांचं, घरटी महिन्याचे पैसे वेगळे. तुम्ही वेगळं दिलेलं तिथेच कामी आलेलं असतं, गाडी नंतर येते. उष्ट्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला मात्र भंगारवाला विचारत नाही.

मुग्धाताई, काळ्या पिशवीत घट्ट गाठ मारून देऊ नका. आत काय आहे ते हात घातल्यावरच कळतं, आणि आईच्या तळहातावरच्या खुणा तशाच आलेल्या आहेत. फुटकी काच आणि ब्लेड जाड कागदात बांधून वेगळी हातात द्या, तोंडाने सांगा. सासऱ्यांच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावा, बाहेर लिहा आणि बाटली सुक्याच्या डब्यात न टाकता वेगळी द्या. आईला वाचता येत नाही, पण वेगळी दिलेली वस्तू ती वेगळीच ठेवते.

डायपरमधली शी आधी संडासात टाका. हे कुणी सांगत नाही, आणि निवडताना सगळ्यात जास्त त्रास याचाच. मग वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. पॅडचंही तसंच. पुण्यात वेचक बायकांना हा ठिपका ओळखीचा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी गुंडाळायला पाकीट द्यावं असं होतं. तुमच्या पुड्यात आलं का कधी?

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या. तो चिमुकला तुकडा कुणी वेचू शकत नाही, तो गटारातच जातो. पिशवी विसळून वाळवा. चिप्स-बिस्किटांची आतून चंदेरी पाकिटं कितीही धुतली तरी आमच्याकडे त्यांना भाव नाही, वेगवेगळे थर चिकटवलेले असतात, सुटत नाहीत. तीही सुक्यातच द्या, पण ‘रिसायकल होईल’ म्हणून जास्त आणू नका.

मुग्धा_धायरी

शीतल, नाही गं, पाकीट कधीच नाही आलं. दुधाच्या पिशवीचं आज पहिल्यांदा ऐकलं, घरात लगेच सांगितलं. सुयांची बाटली सासऱ्यांनी स्वतःच शोधून ठेवली. डायपरची जबाबदारी नवऱ्याने घेतलीये, बघू किती टिकते.

काका, तुळशीचा डाव लागू पडला. आता एकच, शहरात एवढा सुका पाला आणायचा कुठून?

परसबागवाले_काका

तुमच्याच आवारातून. तुमचा माळी पानं झाडून कोपऱ्यात पेटवत असेल, त्याला सांगा जाळू नको, पोत्यात भर. चहाला पैसे द्या. पानगळीत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, वर्षाचा साठा करून ठेवायचा. पावसाळ्यात मिळतो तो भिजलेला, तो उपयोगाचा नाही. तोवर फाडलेला पुठ्ठा किंवा सुताराकडचा साध्या लाकडाचा भुसा चालेल, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. आणि पोती जिन्याखाली ठेवण्याआधी सेक्रेटरीला विचारा, ठराव त्यांनीच केलाय ना!