बचत गटातून प्लॅस्टिक गोळा करून काम उभं राहील का?

धायरीची ताई: आमच्या गटात १२ बायका आहेत, दोन-तीन जणींची मुलं बारावी होऊन घरीच बसलीत, म्हणून म्हटलं आसपासच्या सोसायट्यांतलं प्लॅस्टिक गोळा करून विकावं. सुरुवात कशी करू? मशीन घ्यावं लागेल का?

येरवडाकर: ताई, मशीन आत्ता अजिबात नको, आधी निवडायला शिका कारण खरा पैसा तिथंच आहे! पाण्याची बाटली पेट (PET) नावाच्या प्लॅस्टिकची असते, झाकण वेगळ्या प्लॅस्टिकचं. दोन्हीचे तुकडे पाण्यात टाकून बघा, पेट बुडतं अन् झाकण तरंगतं. सगळं एकत्र दिलं की भंगारवाला सरसकट कमीच भाव लावणार, वेगळं आणि कोरडं दिलं तर चांगला भाव. चिप्सची चमकदार पाकिटं मात्र कुणी सहजासहजी घेत नाही, त्यात वेगवेगळ्या पदार्थांचे चिकटलेले थर असतात ना. मुलांना वजनाचा हिशोब अन् टेम्पोचं काम द्या.

माधुरी_कोथरूड: एक कळकळीची विनंती, सोसायटीत आधीपासून येणाऱ्या कचरावेचक ताईंशी पहिलं बोला. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे, त्यातूनच पुढं स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली, अन् सुका माल विकून आलेले पैसे हा त्या बायकांच्या कमाईचा मोठा भाग असतो. तो आपण उचलला तर एकीचं काम काढून दुसरीला दिल्यासारखं होईल.

धायरीची ताई: हे डोक्यातच आलं नव्हतं हो. उद्या सकाळी आमच्याकडे येणाऱ्या मावशींनाच विचारते, त्यांनाच गटात घेता आलं तर बघते.