डेव्हलपमेंटल रायटिंग घ्यावं की ईएसएल? (अमेरिका, कम्युनिटी कॉलेज)

पाटीपेन्सिल
भाची मराठी माध्यमातून बारावी झाली, आता ग्रीन कार्डावर अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला जातेय. तिचा लेखनाचा नमुना बघून कॉलेजने डेव्हलपमेंटल रायटिंग सुचवलंय, ईएसएलही (इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवणारा वर्ग) चालेल म्हणतात. नक्की फरक काय? आणि नमुन्यावर पानभर लाल खुणा आहेत, त्यात आधी काय सुधारायचं?

तिसराबाक
डेव्हलपमेंटलचा वर्ग मुळात इंग्रजी बोलतच वाढलेल्या मुलांसाठी आखलेला असतो. त्यांची अडचण स्पेलिंग, अर्धवट वाक्यं, परिच्छेदाची बांधणी. 'अ' आणि 'द' कुठे लावायचे हे त्यांना कानानेच कळतं, त्यामुळे तिथे ते सहसा शिकवत नाहीत, नुसतं लाल करतात. ईएसएलमध्ये शिकवतात. पण ईएसएलच्या पायऱ्या जास्त असतील तर इंग्लिश १०१ (कॉलेजचा पहिला नियमित लेखनवर्ग) गाठायलाच दोन-तीन सत्रं जातात.

तिसरा मार्ग आहे का ते विचारा: को-रिक्विझिट. थेट १०१ ला बसायचं आणि सोबत जोडवर्ग घ्यायचा. बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजने २००७ मध्ये हे सुरू केलं, तिथे दोन्ही वर्गांना शिक्षक एकच. कॅलिफोर्नियात तर २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर नुसत्या प्लेसमेंट (कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणाऱ्या) परीक्षेवरून मुलांना खालच्या वर्गात टाकणं जवळपास बंद झालं.

पैशांचंही बघा. फेडरल मदतीत रेमेडियल (म्हणजे डेव्हलपमेंटलसारख्या पूर्वतयारीच्या) विषयांचे ३० सेमिस्टर क्रेडिटपर्यंतच धरले जातात. ईएसएल त्या ३० मध्ये मोजत नाहीत.

खोडरबर
लाल खुणांबद्दल. सगळ्या एकदम दुरुस्त करायला बसू नका, हात थकतो आणि शिकणं शून्य. खुणा प्रकारानुसार मोजा आणि सर्वांत जास्त येणारे दोनच प्रकार एका निबंधापुरते धरा. मराठीभाषकांचे ते बहुधा आर्टिकल (अ, ॲन, द) आणि 'करून-जाऊन'च्या सवयीने स्वल्पविरामांवर लांबत जाणारं वाक्य, हेच निघतात.

लेखनकेंद्रात हमखास सांगतात, 'मोठ्याने वाच, जे खटकेल ते बदल.' हा सल्ला इंग्रजी ऐकत वाढलेल्यांचा. पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्याच्या कानाला गाळलेला 'द' खटकतच नाही! त्यापेक्षा शेवटच्या वाक्याकडून पहिल्याकडे या, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा चुका गिळत नाही. प्रत्येक नामाखाली रेघ मारा आणि विचारा: मोजता येतं का? एकच आहे का? कोणतं ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे का?

उदाहरणार्थ 'स्टुडंट नीड्स टाइम टू राइट एसे'. स्टुडंट मोजता येतो, एकच आहे, ठरावीक नाही: 'अ स्टुडंट'. टाइम इथे मोजायचा नाही: काही नको. एसे पुन्हा मोजता येतो, पण सुरुवात स्वराने: 'ॲन एसे'. एका पानाला वीसेक मिनिटं लागतात, सुरुवातीला त्याहून जास्त.

पाटीपेन्सिल
वा, हे करता येईल. पण व्याकरण सुधारलं की गुण वाढतील ना?

तिसराबाक
तेवढ्याने नाही. 'थीसिस (निबंधाचं मुख्य मत) कुठाय?' असा शेरा असेल तर आधी तो. आपल्याकडे निबंधात प्रस्तावना रंगवून मुद्दा शेवटी आणायची सवय असते. इथे पहिल्या परिच्छेदातच मत सांगून टाकायचं आणि पुढचा प्रत्येक परिच्छेद त्या मताच्या कामाला लावायचा. त्यातला एखादा परिच्छेद उद्या उडवावा लागला तर त्यातली आर्टिकलं घासण्यात गेलेला वेळ वाया. म्हणून क्रम असा: मत, परिच्छेद, मग वाक्य.

शाईदौत
थोडा मतभेद. क्रियापदाचा काळ वाक्यावाक्याला बदलत असेल तर ते आधीच बघा, कारण तिथे वाचणाऱ्याला अर्थच लागत नाही. आर्टिकल राहिलं तरी वाक्य कळतं.

आणखी एक. सगळं लेखन गूगल डॉक्समध्येच करा, म्हणजे व्हर्जन हिस्टरी (कधी काय बदललं त्याची नोंद) राहते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ७ एआय डिटेक्टरना (लेखन मशीनचं आहे का ते ओळखणारी साधनं) टोफेलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या परीक्षेचे, ९१ निबंध दिले. माणसांनी लिहिलेले असूनही सरासरी निम्म्याहून जास्त 'मशीनचे' ठरले. साधे, तेच तेच शब्द असले की हे डिटेक्टर फसतात. कोणी शंका घेतली तर मसुदे तारखेसकट दाखवता येतात. पूर्ण निबंध दुसरीकडे लिहून एकदम पेस्ट केला, तर मात्र त्या हिस्टरीत दाखवण्यासारखं काही उरत नाही.